सर्वांस सविनय उत्तर

माजी विद्यार्थ्यांच्या, महाराष्ट्र मंडळांच्या किंवा गृहनिर्माण संस्थांच्या ई-मेल समूहांत, म्हणजे एका पत्त्यावर धाडलेले पत्र सर्व सभासदांच्या पेटीत टाकणाऱ्या व्यवस्थेत, असा एक गृहस्थ हटकून आढळतो की ज्याला सोयीसाठी ‘सर्वोत्तरी’ म्हणता येईल. तो बहुधा निवृत्त असतो, त्याची भाषा सभ्य आणि हेतू निर्मळ असतो, आणि आलेल्या प्रत्येक पत्राला सर्वांच्या साक्षीने पोच देणे हे तो आपले कर्तव्य समजतो. पुण्यात कोणाच्या मुलीचे लग्न ठरल्याची वार्ता येताच तो ‘हार्दिक अभिनंदन’ एवढेच लिहितो, परंतु ते वधूपित्याबरोबरच नाशिक, दुबई आणि न्यू जर्सी येथील समस्त सभासदांना लिहितो. त्या दोन शब्दांखाली मूळ पत्र, त्याखाली तोवर आलेली सारी उत्तरे, आणि तळाशी पदव्या, माजी हुद्दे, दोन दूरध्वनी क्रमांक व ‘कागद वाचवा’ असा संदेश मिरवणारी स्वतःची स्वाक्षरी असते. ऑक्टोबर १९९५ मध्ये ‘आरएफसी १८५५’ या क्रमांकाने प्रसिद्ध झालेल्या इंटरनेट-शिष्टाचाराच्या मार्गदर्शिकेने स्वाक्षरी चार ओळींपेक्षा लांबवू नये आणि मूळ मजकुरातील संदर्भापुरताच भाग उत्तरात ठेवावा, असे सुचवले होते. सर्वोत्तरीची स्वाक्षरी मात्र सेवाज्येष्ठतेनुसार वाढत गेलेली असते.

नवे पत्र नव्याने सुरू करण्याची कला त्याला अवगत नसते. पेटीतले सर्वांत वरचे पत्र उघडून त्यालाच उत्तर म्हणून तो मनातले लिहितो, त्यामुळे ‘दुःखद निधन’ या विषयाखाली ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा, शतायुषी व्हा’ असा मजकूर अवतरतो. कोणी हळूच कानावर घातले की तो विषयाची ओळ तेवढी बदलतो; परंतु उत्तराच्या अदृश्य शीर्षभागात मूळ पत्राचा ओळखक्रमांक आपोआप जात असल्याने, काही ई-मेल प्रणाली त्या शुभेच्छा पुन्हा शोकसंदेशांच्याच साखळीत नेऊन बसवतात. पत्रांचा पूर असह्य होऊन सुज्ञ सभासद दैनिक संकलनाचा, म्हणजे दिवसभराची पत्रे एकत्र बांधून एकदाच घेण्याचा, पर्याय निवडतात. तो सर्वोत्तरीनेही निवडला की खरा अनर्थ होतो, कारण मग तो संकलनालाच उत्तर देतो आणि ‘सहमत’ या एका शब्दाखाली आदल्या दिवशीची झाडून सारी पत्रे सर्वांना परत पोहोचतात. सहमती नेमकी कोणाशी, हे अर्थात गुलदस्त्यातच राहते.

हा दोष त्याच्या एकट्याचा मानणे अन्यायाचे होईल. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये हजारो कर्मचाऱ्यांच्या एका यादीवर कोणीतरी आपले नाव काढावे अशी विनंती केली, तेव्हा ‘माझेही काढा’ आणि ‘सर्वांना उत्तर देणे थांबवा’ अशी उत्तरे संगणकाच्या धंद्यातल्या मंडळींनीच सर्वांना पाठवली आणि कंपनीची ई-मेल यंत्रणा जेरीस आणली. सर्वोत्तरी निदान अभिनंदन तरी करतो. आलेल्या पत्राला उत्तर न देणे हा ज्या पिढीत उद्धटपणा होता तिचा तो प्रतिनिधी आहे. फक्त पोस्टकार्डाचे पैसे लिहिणाऱ्याच्या खिशातून जात, आणि इथे पाठवणाऱ्याच्या सौजन्याची किंमत वाचणाऱ्यांच्या वेळेतून वसूल होते, एवढे त्याच्या ध्यानात आलेले नसते.

जी मंडळी चाळणी लावून, म्हणजे समूहाची पत्रे परस्पर वेगळ्या कप्प्यात पडतील अशी तजवीज करून, वर्षानुवर्षे मौन पाळतात, त्यांचे सोवळेही तितकेसे निर्दोष नाही. मुलाला परगावी खोली हवी झाली की हीच मंडळी अचानक ‘प्रिय मित्रहो’ म्हणत प्रकट होतात आणि त्या वेळी पाच मिनिटांत घरमालकाचा पत्ता कळवणारा, अर्थात सर्वांना कळवणारा, सर्वोत्तरीच असतो.

त्याला आवरण्याचा हमखास उपाय म्हणून त्यालाच समूहाचा समन्वयक नेमण्याची टूम पुष्कळ ठिकाणी निघते. पद स्वीकारताच तो ‘अनावश्यक उत्तरे टाळावीत’ या पहिल्या कलमापासून सुरू होणारी सविस्तर नियमावली प्रसृत करतो, आणि दुपारपर्यंत ‘उत्तम उपक्रम’, ‘पूर्ण सहमत’, ‘अभिनंदन सर’ अशी उत्तरे सर्वांना येऊ लागतात, ज्यांतील प्रत्येकाचे तो स्वतंत्रपणे, सर्वांच्या साक्षीने, आभार मानतो.