डिकीतला बाजार

"वहिनी, तुमचा भाचा आज आटगावच्या फाट्यावर बसलाय म्हणे. डिकीत काय आहे, गाऊनच का?"

"गाऊन, लेगिंग, चादरी. आणि ताई, 'बसलाय' नका म्हणू. बसतात ते बाजारवाले. हा उभा असतो. पोलिसांची जीप दिसली की डिकी बंद, चावी फिरवली, पसार."

आमच्या आणि वहिनींच्या परसात मेंदीचं कुंपण आहे. गेल्या पावसापासून ते कुणी छाटलेलं नाही, त्यामुळे दोघींना एकमेकींची फक्त डोकी दिसतात. बोलायला तेवढं पुरतं. मे अर्धा सरलेला, वहिनींच्या हातात सूप, सुपात सुकट. आगोटीची भरणी चालली होती. तानशाकडे एकदा पाऊस लागला की पाड्यांतून बाहेर पडणं जिवावर येतं, म्हणून सुके बोंबील, सुकट, मसाला, लसूण, कांदे हे सगळं आधीच घरात लागतं.

"सुकट बाजारातली ना?"

"हो, कोळणीकडची. हाताला लावून, वास घेऊन घेतली."

"आणि कांदे?"

वहिनी सूप पाखडायला लागल्या. जरा जास्तच जोरात.

"टेम्पोतले," शेवटी म्हणाल्या. "दारात आला हो. आता दारात आल्यावर काय हाकलू?"

हा टेम्पो आमच्या भागात सगळ्यांच्या ओळखीचा. कसारा घाट उतरून नाशकाकडचा कांदा येतो, आणि तो पाड्यापाड्यांत फिरतो छोट्या हत्तीतून. २००५ साली ही गाडी रस्त्यावर आली, तेव्हा कुणाला वाटलं नसेल की ती आमचा आठवडे बाजार उचलून अंगणात आणून ठेवेल. कर्ण्यावर एकाच माणसाचा रेकॉर्ड केलेला आवाज, तोच सूर, तेच हेल. कांदे, बटाटे झाले, मग प्लास्टिकच्या बादल्या झाल्या, मग खुर्च्या, चटया. आता तर मिठाच्या गाडीवर जुने केस आणि बंद मोबाइलही घेतात. तानशा धरणाचं पाणी नळातून मुंबईला जातं, उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतो. टँकरमागोमाग हे टेम्पो येतात. पाण्याच्या बदल्यात बादल्या.

"भाव तरी कमी होता का?"

"किलोमागे दोन-तीन रुपये. पण एसटीचं भाडं वाचलं, गोणी उचलायची हमाली वाचली."

"मग बाजारातल्या कांदेवाल्या मावशीला काय सांगितलंत?"

"तिच्याकडे गेलेच नाही," वहिनी म्हणाल्या. "मागची बाकी आहे ना तिची. भाताचे पैसे आले की देते म्हटलं होतं. भात गेलं, पैसे आले, त्यातून पत्रे घातले पडवीला."

खरी मेख इथे आहे. बाजार मोडतोय म्हणून ओरड होते तेव्हा सगळे भावाबद्दल बोलतात. भावाचा फरक फार नसतो. आमच्याकडे पैसा वर्षातून दोनदा हातात येतो: भात झोडून झाल्यावर, आणि वीटभट्टीवरून माणसं परतली की. मधले महिने उधारीवर. ती उधारी कोण देतं? आठवडे बाजारात वर्षानुवर्षं एकाच जागी ताडपत्री बांधणारा माणूस. तो आजोबांना ओळखतो, नातवालाही ओळखतो, वहीत नाव लिहितो. टेम्पोवाला उधार देत नाही, कारण तो पुन्हा येईल की नाही हे त्यालाच ठाऊक नसतं. म्हणजे हातात नोट असली की आपण टेम्पोकडे, आणि नोट नसली की मावशीकडे. रोखीचं गिऱ्हाईक टेम्पोनं नेलं, उधारीचं तेवढं तिच्याकडे उरलं. अशा धंद्यात कोण टिकणार?

शिवाय पावती. आठवडे बाजारात बसलं की ग्रामपंचायतीची नाहीतर नगरपंचायतीची पावती फाडावी लागते. पंचायतीला बाजार फी घेण्याचा अधिकार १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानंच आहे. पुष्कळ ठिकाणी वसुलीचा लिलाव होतो, मग ठेकेदाराचा पोरगा खिशात पावतीपुस्तक घालून हिंडतो आणि चार जुड्या कोथिंबीर घेऊन बसलेल्या म्हातारीलाही सोडत नाही. डिकीवाल्याची पावती कुणी फाडायची? तो ना गावठाणात, ना बाजारतळावर. तो फाट्यावर.

"पण ताई, त्याला हौस होती का?" वहिनींचा आवाज चढला. भाच्याबद्दल त्या स्वतः वाट्टेल ते बोलतील, दुसऱ्यानं बोललेलं खपत नाही. "कंपनीतून काढलं त्याला करोनात. मार्चमध्ये लोकल बंद झाल्या, बाजार बंद, घरात आईची गोळ्या-औषधं. गाडी होती हप्त्यावरची. तिच्यात आंब्याच्या पेट्या घातल्या नि विकल्या. काय चूक केली?"

चूक नाहीच. २०२० च्या त्या उन्हाळ्यात ठाण्या-कल्याणला सोसायट्यांच्या गेटपाशी डिकीतून आंबे, भाजी, मास्क, सगळं विकलं गेलं. ज्यांची नोकरी गेली त्यांच्याकडे विकायला अनुभव नव्हता, पण गाडी होती. नोकऱ्या काहींच्या परत आल्या, सवय मात्र गेली नाही. आता आंब्यांच्या जागी उल्हासनगरचे कपडे आले आणि भिवंडीच्या गोदामातला 'परत आलेला' माल. तो खरोखर कुठून परत येतो ते विचारू नये.

इंग्लंडात, लेस्टरला, माझी भाची असते. तिला हे सांगितलं तर ती हसायलाच लागली. तिकडे हा रविवारचा रीतसर सोहळा आहे म्हणे. गावाबाहेरच्या शेतात सकाळी सकाळी गाड्या ओळीनं लावायच्या, डिक्या उघडायच्या आणि घरातलं नको झालेलं सामान मांडायचं: मुलांची खेळणी, कपबश्या, लग्नात आलेले आणि कधीच न वापरलेले टोस्टर. आपल्याकडची बोहारीण जुन्या साड्या घेऊन भांडी देते, तिकडे सगळे स्वतःच बोहारीण होतात. गोष्ट गमतीची, पण तिकडच्या बाजारवाल्यांनी त्यावरून मोठी भांडणं केलीत. कारण जुन्या कपबश्यांच्या आडून नवा माल विकणारे पक्के व्यापारी शिरले, आणि भाडं भरून रोज ठेला लावणारा मागे पडला.

"मग तिकडं काय केलं?" वहिनींनी विचारलं. सूप खाली ठेवलं होतं.

केलं ते असं. मोकळ्या जागेवर असा तात्पुरता बाजार वर्षात १४ दिवसच भरवता येतो; त्याहून जास्त भरवायचा तर परवानगी काढा. दुसरी गोष्ट त्याहून जुनी, मध्ययुगातली. सनद मिळालेल्या बाजारापासून ६⅔ मैलांच्या आत दुसरा बाजार नको. आपल्या हिशेबात पावणेअकरा किलोमीटर. तिचा हिशेब मला फार आवडला. माणूस दिवसाला २० मैल चालेल असं धरलं. दिवसाचे तीन वाटे केले: एक जायला, एक विकायला, एक परत यायला. एका वाट्यात जेवढं चालून होतं तेवढ्या अंतरात एकच बाजार. आजही तिथल्या काही नगरपालिका डिकीबाजार अडवायला हा नियम काढतात.

वहिनी क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "हे तर आमच्या ठाकरणीचंच गणित झालं."

झालंच. पहाटे डोंगरातून निघायचं, डोक्यावर पाटी, बाजारात दोन-तीन तास, आणि उजेड आहे तोवर परत पाड्यावर. आत्ता करवंदं, जांभळं, पळसाच्या पानाच्या द्रोणात. पाऊस पडला की शेवळं आणि सोबत काकडं, मग टाकळा, कुरडू, भारंगी, पुढे कंटोली. ती वजन करत नाही, वाटा लावते. आणि इथेच आमच्या वहिनींच्या भाच्यासारखी मंडळी दुसऱ्या बाजूनं घुसतात. सकाळी सातला फाट्यावर तिला गाठतात, "कशाला पायपीट करतेस, दे सगळी पाटी" म्हणतात, ठोक भाव देतात. दहा वाजता तीच कंटोली डिकीत, इलेक्ट्रॉनिक काट्यावर, आणि नाशिक महामार्गावरून धरण बघायला आलेले पाहुणे 'डायरेक्ट फ्रॉम फार्म' म्हणून तिप्पट भावानं घेऊन जातात. ठाकरीण लवकर घरी पोचते हे खरं. पण बाजारात आली असती तर मीठ, तेल, बांगड्या, पोराची चड्डी तिथंच घेतली असती. म्हणजे एक पाटी फाट्यावर थांबली की बाजारातल्या चार दुकानांचं गिऱ्हाईक थांबलं.

"त्याच्याकडे तो काळा-पांढरा चौकोन पण असतो, मोबाइल दाखवला की पैसे," वहिनी थोड्या अभिमानानं म्हणाल्या.

"मुरबाडच्या धसईत २०१६ साली वडापाववाल्याकडेसुद्धा कार्डाचं मशीन आलं होतं, वहिनी. राज्यातलं पहिलं रोकडविरहित गाव म्हणून मंत्री आले होते."

"मग चालू आहे का अजून?"

"मला काय माहीत, मी वडापाव खात नाही."

खरं सांगायचं तर फिरत्या बाजारावर माझा राग नाही. म्हशाची जत्रा काय आहे? पौष पौर्णिमेला मुरबाडात सगळा मुलूख लोटतो. बैल, घोंगड्या, भांडीकुंडी, मिठाई, सगळे बाहेरचे व्यापारी. शहापूर-मुरबाडच्या कुठल्या दुकानदारानं त्यामुळे गाशा गुंडाळलेला मी ऐकला नाही. उलट लोक वर्षभर तिची वाट बघतात. जत्रा ठरल्या तिथीला येते आणि ठरल्या दिवशी उठते, दुकानदाराला आधीच ठाऊक असतं. रोज उठून दारात येणाऱ्या जत्रेपुढे तो काय तयारी करणार?

"म्हणून सांगते," मी म्हटलं, "येत्या ग्रामसभेत मी विषय काढणार आहे. फाट्यावरच्या गाड्यांना बाजाराच्या दिवशी बाजारतळावरच जागा द्या, पावती फाडा, बाकीच्या दिवशी काय विकायचं ते विकू द्या."

"काढा की," वहिनी म्हणाल्या. "मी हात वर करीन."

"भाच्याच्या विरुद्ध?"

"विरुद्ध कसला? पावती फाडली म्हणजे तो तासभर तरी एका जागी सापडेल. गेल्या दिवाळीत चादरी म्हणून माझ्याकडून बाराशे घेऊन गेलाय. चादरी नाहीत, पैसे नाहीत, फोन उचलत नाही."

आणि सूप उचलून, न निवडलेल्या सुकटीसकट, त्या आत गेल्या.