अभद्र म्हणण्याआधी

रिक्षा आहे. तीन चाकं, पुढचं निमुळतं तोंड, वरचं टप, मागची सीट. माप खऱ्या रिक्षाचं. फक्त पत्रा नाही आणि रेक्झिन नाही. सगळी हाडं आहेत. बरगड्या, मणके, सांध्याला सांधा. हाडं खरी नाहीत, रेझिनची आहेत. जितीश कल्लाट या मुंबईच्या चित्रकाराने २००७ मध्ये ही रिक्षा घडवली आणि नामशेष झालेल्या एखाद्या प्राण्याला शोभावं असं नाव तिला दिलं: ऑटोसॉरस ट्रायपस.

मावशीला मी तिचा फोटो दाखवला. तिने फोन उलटा करून माझ्या हातात दिला. म्हणाली, "दिवेलागणीला कशाला रे असलं अभद्र काढून बसतोस?"

मावशीचं एक वेळ ठीक. तिला दिवेलागणीची काळजी होती. पण हाच शब्द मी शिकल्यासवरल्या, दरवर्षी परदेशवारी करणाऱ्या माणसांच्या तोंडून ऐकतो तेव्हा मला राग येतो. अभद्र नेमकं काय आहे? हाडांची रिक्षा, की दंगलीनंतर चौकात उभा राहणारा खऱ्या रिक्षाचा जळका सांगाडा? त्या सांगाड्याला वळसा घालून आपण कामावर जातो. चार दिवसांनी महापालिकेची गाडी येऊन तो उचलून नेते, तेव्हा आपल्या लक्षातही येत नाही. कल्लाटने तो सांगाडा हलू दिला नाही, एवढंच त्याने केलं. पुढच्याच वर्षी त्याने पाण्याचा टँकर केला, तोही हाडांचा. तो मला मुंबईपेक्षा मराठवाड्याचा जास्त वाटतो. एप्रिलात हंड्यांच्या रांगेशेजारी बसून टँकरची वाट बघितलेल्या बाईला त्याचा अर्थ विचारावा लागणार नाही.

आणि विचित्र वस्तूंचं आपल्याला वावडं आहे, हे तर साफ खोटं. अर्धवट बांधलेल्या इमारतीवर काळी बाहुली आपणच टांगतो. देवीला चांदीचे डोळे आपणच वाहतो. सप्टेंबरात वांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेत जाऊन बघा. ठेल्यांवर मेणाचे पाय, मेणाचे हात, मेणाची बाळं ओळीने मांडलेली असतात. गुडघा दुखणाऱ्याने पाय घ्यायचा, मूल हवं असणारीने बाळ, घर हवं असेल त्याने मेणाचं घर. सगळ्या धर्मांची माणसं ते घेतात आणि छातीशी धरून चढ चढतात. इतकं मोकळं, इतकं धीट शिल्प मी फार थोड्या कलादालनांत पाहिलंय. तुटलेला अवयव हातात धरून कुणाकडे तरी जायचं ही कल्पनाच किती मोठी आहे!

अनिता दुबे या कलावतीला ती कळली. देवाच्या मूर्तीला बसवतात ते मिन्याचे डोळे तिने शेकड्यांनी भिंतीवर चिकटवले. त्याआधी, १९९७ मध्ये, तिने माणसाची खरी हाडं घेतली आणि एकेका हाडावर लाल मखमल चढवली, त्यावर मणी आणि लेस शिवली. आपल्याकडे मेलेल्या माणसाला शेवटचं नेसवतात, त्याच हळुवार हातांनी केलेलं ते काम आहे. ते बघून किळस येत नाही. घशात काहीतरी अडकतं.

मरणाचं दुःख संग्रहातही जपता येतं, हे पुणेकरांना कुणी सांगायला नको. बाजीराव रस्त्याजवळच्या केळकर संग्रहालयात अडकित्त्यांपासून वज्रीपर्यंत सगळं बघून आपण खूश होतो. पण दारावरचं राजा हे नाव दिनकर केळकरांच्या लहानपणीच गेलेल्या मुलाचं आहे, हे किती जण पोराबाळांना सांगतात?

आता दोष दुसऱ्या बाजूचाही सांगतो, कारण तो मोठा आहे. मुंबईतली बहुतेक खासगी कलादालनं फुकट बघता येतात. कुलाब्यात, फोर्टात, एका दुपारी चार होतील. पण जड काचेचं दार, आत शुकशुकाट, टेबलामागे मान न उचलणारी व्यक्ती आणि भिंतीवर इंग्रजीत लिहिलेला असा मजकूर, की इंग्रजीत पदवी घेतलेल्यालाही तो दोनदा वाचावा लागतो. मराठीत एक ओळ नाही. ज्या शहराची रिक्षा, ज्या शहराचा टँकर, त्या शहराच्या भाषेत एक ओळ नाही! ही नुसती गैरसोय नाही, हा अपमान आहे, आणि तो रोज होतो. आमची वर्तमानपत्रंही कमी नाहीत. चित्र लिलावात कितीला गेलं, एवढीच बातमी. चित्रात काय होतं, ते छापायला जागा नसते.

मग कामं निघून जातात. दांडीयात्रेच्या आदल्या संध्याकाळी, ११ मार्च १९३० रोजी, गांधीजींनी साबरमतीच्या काठी भाषण केलं. कल्लाटने त्याचं अक्षर न् अक्षर हाडांच्या आकारात घडवलं. एकूण ४,४७९ तुकडे, हळदीसारख्या पिवळ्या भिंतीवरच्या फळ्यांवर मांडलेले. अहिंसेचे शब्द आणि त्यांची ही हाडं. हे काम आज सिडनीच्या सरकारी कलासंग्रहालयाच्या मालकीचं आहे. शाळेच्या सहली तिथे जात असतील. त्या आपल्या शाळा नाहीत.

प्रभाकर पाचपुतेचं नाव तरी ऐकलंय का? चंद्रपूर जिल्ह्यात, राजुरा तालुक्यातलं सास्ती हे त्याचं गाव. घरातल्या तीन पिढ्या कोळशाच्या खाणीत. हा मुलगा खाणीत उतरला नाही, पण कोळसा त्यानेही सोडला नाही. तो कोळशाने चित्रं काढतो. कागद पुरत नाही म्हणून थेट भिंतीवर, छतापर्यंत. त्याच्या माणसांच्या धडावर डोक्याच्या जागी कधी खाणीतला दिवा असतो, कधी घर. पहिल्यांदा बघताना ते स्वप्नातलं वाटतं. मग कळतं, हे तर साधं वर्णन आहे. ज्याला आठ तास दिवा म्हणूनच वापरलं जातं, त्याचं डोकं दिव्याचंच होणार.

२०१२ मध्ये मुंबईत त्याचं प्रदर्शन झालं, त्याचं नाव होतं 'कॅनरी इन युअर लंग'. पूर्वी खाणीत जाताना कामगार पिंजऱ्यात कॅनरी पक्षी नेत. विषारी वायू साचला की माणसाच्या आधी पाखरू कोसळायचं आणि माणसं बाहेर पळायची. पाचपुतेने ते पाखरू माणसाच्या फुप्फुसात नेऊन ठेवलं. खाणकामगाराच्या दम्यावर मी यापेक्षा नेमकी ओळ वाचलेली नाही. प्रदर्शन संपलं की भिंतीवरची अशी चित्रं बरेचदा पुसली जातात, पुन्हा पांढरा रंग. २०२१ मध्ये वेल्समधला 'आर्टेस मुंडी' हा मोठा पुरस्कार सहा कलावंतांना मिळून दिला गेला, त्यांत एक हा सास्तीचा पोरगा. विदर्भात किती चौकांत फलक लागले? वाढदिवसाचे मात्र रोज लागतात.

मावशीकडे मी हट्टाने पुन्हा गेलो, दुसरा फोटो घेऊन. कल्लाटचंच काम, २००९ चं. रॉकेलचा स्टोव्ह, पण माणसाएवढा उंच, काळाभोर. अंगावर शंभराहून जास्त प्राणी, एकमेकांना फाडणारे, तोंडातला घास न सोडणारे. हे प्राणी त्याने मनाने रचलेले नाहीत, सीएसएमटी स्टेशनच्या दर्शनी भागातून उचललेत. १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं ती इमारत बांधली जात होती, आणि तिच्यावरची दगडातली झाडंपानं, पशुपक्षी जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहेत. कल्लाटही त्याच शाळेचा. लाखो माणसं रोज त्या प्राण्यांखालून ८:१७ पकडायला पळतात. स्टेशनातला धक्काबुक्कीचा जमाव आणि वर दगडात एकमेकांवर तुटून पडणारं जंगल, यांच्यात फक्त मान वर करण्याचं अंतर आहे. ती सगळी झुंज त्याने स्वयंपाकाच्या शेगडीवर आणून ठेवली. मुंबईत पोट भरणं म्हणजे काय, हे याहून उघडं कसं सांगणार?

माझ्या पिढीला त्या स्टोव्हमागे आणखी एक गोष्ट दिसते. पेपराच्या आतल्या पानावर, दोन इंचांची, ठरावीक मथळ्याची: स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. चहाबरोबर आम्ही ती वाचायचो आणि पान उलटायचो.

मावशीने या वेळी फोन उलटा केला नाही. बराच वेळ काही बोललीही नाही. मग म्हणाली, "आमच्या मजल्यावर टोकाच्या खोलीत एक सून होती. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. सगळ्यांनी स्टोव्ह भडकला म्हणून सांगितलं, पोलिसांनाही तेच. मीही गप्प बसले." थोडं थांबून, माझ्याकडे न बघता ती पुढे म्हणाली, "त्यांच्याकडे तेव्हा गॅस आला होता रे."

मग तिनेच दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि त्या काळ्या स्टोव्हवरचा एकेक प्राणी बघत राहिली. बाहेर दिवे लागले होते.