मुलूखमैदान आणि माझी कढई

नवा धंदा काढणाऱ्याने चार लोकांचा सल्ला घ्यावा म्हणतात. मी बावीस जणांचा घेतला. फक्त बायकोचा राहिला.

शेजारचा भूम तालुका खव्यावर नाव कमावतो, मग आम्ही परंडेकरांनी काय पाहुण्यांना नुसता किल्लाच दाखवत बसायचा, असं म्हणून मी निवृत्तीच्या पैशातून खव्याची भट्टी घालायला निघालो. ही म्हणाली, "अहो, आधी घरच्या शेगडीवर पाच लिटर आटवून बघा, कोण घेतंय ते तरी कळेल." उद्योजकाला असले किरकोळ विचार शोभत नाहीत, म्हणून मी ऐकू न आल्यासारखं केलं.

आधी कागदपत्रं. उद्यम नोंदणी करून देणाऱ्याला मी पाचशे रुपये मोजले, वर चहा पाजला, आणि प्रमाणपत्र भिंतीला लावताना भाच्याने सांगितलं, की 2020 पासून ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. मग अनुदानाची आठवण झाली. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात शहरी भागात सर्वसाधारण गटाला 15 टक्के मिळायचे, खेड्यात 25. मी नगरपरिषदेच्या हद्दीत, म्हणजे 15 तर 15, असं मोठ्या मनाने ठरवून चौकशीला गेलो, तर कळलं, की योजना फक्त नव्या उद्योगाला आहे. माझी भट्टी आदल्या आठवड्यातच पेटली होती. घाई नडली.

तरी कढईची गोष्ट राहिलीच. अहमदनगरला 1549 साली ओतलेली मुलूखमैदान तोफ आधी परंड्याच्या किल्ल्यात आली आणि 1632 मध्ये विजापूरकरांनी ती इथून ओढून नेली. एवढी अजस्र तोफ किल्ल्याच्या दारातून बाहेर पडली, पण मी बार्शीहून आणलेली लोखंडी कढई माझ्या परसदारातून आत जाईना, कारण दाराचं माप मी घेतलं होतं आणि कढईचं दुकानदाराने, कान सोडून. शेवटी चौकट काढली. चौकटीबरोबर थोडी भिंतही आली.

पहिल्या दिवशी वीस लिटर दूध ओतलं. आमच्याकडे बासुंदीला दूध निम्मं आटवतात, त्या हिशेबाने मी दहा किलोचे डबे धुऊन ठेवले होते. पण म्हशीच्या पाच लिटर दुधाचा खवा भरतो साधारण किलोभर. त्यातही मी मधेच फोनवर "धंदा कसा चाललाय" हे सांगायला उठलो आणि दूध बुडाला लागलं. खाली उरला सव्वातीन किलो करपट खवा आणि पोरांना आवडलेली खरवड. पन्नास रुपये लिटरने घेतलेल्या दुधाचेच हजार झाले होते, सरपण वेगळं, आणि माझी मजुरी तर मी मालक असल्यामुळे कुठेच धरलेली नव्हती. शेजाऱ्यांनी पाव-पाव किलो नेला. चव बघायला म्हणून.

आता ही घरच्या शेगडीवर पाच लिटर आटवते, आधी मागणी घेते, रोख घेते. वहीला मला हात लावू देत नाही. कढई अंगणात पडून आहे, दाराला नवी चौकट बसल्याने आत जात नाही. तिच्यात पावसाचं पाणी साठतं आणि शेजाऱ्यांची म्हैस येऊन ते पिते. माझ्या धंद्याचं एवढंच कायमचं गिऱ्हाईक.

तेही उधारीवर.