परदेशी परीटघडी

जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या हेंकेल कंपनीने १९०७ साली ‘पर्सिल’ ही धुण्याची पावडर काढली. परबोरेट आणि सिलिकेट यांची सुरुवातीची अक्षरं जुळवून केलेलं नाव. तिकडची यंत्रं पाणी स्वतःच तापवतात आणि ६० अंशांवर दोन-दोन तास कपडे घोळवतात. घरंदाज काम!

२०१५ मध्ये ही घरंदाज लेक अमेरिकेत नांदायला गेली. सासर कोणतं? वॉलमार्ट! ‘प्रीमियम’ मालाचा गृहप्रवेश स्वस्ताईच्या मांडवात झाला. तिथे टाइड नावाची थोरली जाऊ १९४६ पासून किल्ल्या कमरेला खोचून बसलेली. शिवाय घरात सगळ्यांना घाई. नळाचं गरम पाणी घ्यायचं, पाऊण तासात धुणं उरकायचं. मग नवरीने ‘प्रोक्लीन’ हे सासरचं नाव लावलं आणि पातळ होऊन बाटलीत शिरली. आता पातळ साबणात परबोरेट कुठून टिकणार? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

त्यात ब्रिटनमध्ये पर्सिल विकते ती युनिलिव्हर. म्हणजे लंडनहून न्यूयॉर्कला गेलेल्याला नाव ओळखीचं, घराणं परकं.

एक गोष्ट मात्र दोन्ही खंडांत सारखीच. झाकणाच्या आत मापाच्या रेघा असतात, त्याही प्लास्टिकच्याच रंगाच्या. त्या दिसत नाहीत, म्हणून माणूस झाकण काठोकाठ भरतो. रेघेच्या वर ओतलेल्या साबणाने कपडे नव्हे, खिसा धुतला जातो. तेव्हा वाचकहो, साबण कुठल्याही देशाचा घ्या, पण झाकण आधी उजेडात धरा.