दोन भोपळ्यांची कथा

स्त्रीवादी पुनर्कथन, म्हणजे जुन्या परीकथेतील मुकाट नायिकेला बोलती, लढती आणि शक्यतो अविवाहित करण्याचा उद्योग, हल्ली शहरी पालकांत फार प्रिय असून त्याची पहिली शस्त्रक्रिया बहुधा लाल टोपीवालीवर होते. शार्ल पेरो यांनी 1697 मध्ये या मुलीला आजीसकट लांडग्याच्या पोटात सोडून दिले, ग्रिम बंधूंनी 1812 मध्ये तिच्या सुटकेसाठी शिकारी धाडला आणि रोआल्ड डाल यांनी 1982 मध्ये तिच्याच हाती पिस्तूल दिले. आजी मात्र तिन्ही वेळा खाल्लीच गेली. मराठी लोककथेतील म्हातारी लेकीकडे तूप-पोळी खाऊन धष्टपुष्ट होण्याचा वायदा वाघाला देऊन भोपळ्यात बसून परतली, तेव्हा तिने शिकाऱ्याची वाट पाहिली नव्हती. पण तिचा भोपळा सिंड्रेलाच्या भोपळ्यासारखा परीने बग्गी केलेला नसल्यामुळे असेल, तिच्यावर परिसंवाद भरत नाहीत.

गोष्टीबाहेरची आजी मात्र अंथरुणाला खिळलेली नाही. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे गावात जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली आणि साठी उलटलेल्या स्त्रिया गुलाबी नऊवारीचा गणवेश नेसून, पाटी-दप्तर घेऊन अक्षरे गिरवू लागल्या. जोडाक्षरे जमू लागलेल्या अशा एखाद्या आजीने पुनर्लिखित गोष्ट उघडलीच, तर तिला नात पिस्तूल चालवताना दिसेल आणि आजी अजून अंथरुणातच, हा या पुरोगामी वाङ्मयाचा बारीकसा नजरचुकीचा भाग होय.

सिंड्रेलाचे प्रकरण याच जिल्ह्यातील शहापुरात अधिक अवघड होते. नव्या आवृत्तीत ती काचेचा बूट नाकारते, राजपुत्राला स्वतःचे ताट स्वतः घासायला लावते, आणि ते घासण्यासाठी लागणारे पाणी स्वयंपाकघरातील नळाला आपोआप येते. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा 1892 मध्ये पूर्ण झालेले तानसा आणि त्यानंतरचे भातसा या शहापूर तालुक्यातील धरणांतून येतो. त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर यावा लागतो आणि तो न आल्यास बाया डोक्यावर हंडे घेऊन विहीर शोधतात. केवळ पाणी भरण्यासाठी दुसरी, क्वचित तिसरी बायको करण्याच्या येथील प्रथेच्या बातम्या 2015 च्या सुमारास देशविदेशात छापून आल्या. अशा विवाहात वधूच्या पावलाचे माप कोणी घेत नाही, एका खेपेत किती हंडे निभतात तेवढे पाहिले जाते. आणि परीने तिच्यापुढे भोपळा ठेवलाच, तर बग्गी राहू द्या, तो पोखरून वाळवा, पाणी ठेवायला होईल, असेच ती सांगण्याचा संभव आहे.