फेरफाराचा अर्ज

प्रति,
माननीय कुलूपसाहेब,
बॅकग्राउंड लेयर, फोटो दुरुस्तीचे सॉफ्टवेअर.

विषय : १९७२ सालच्या फोटोत फेरफार करू देण्याबाबत.

महोदय,

अर्जदार मूळचा पाथरी तालुक्यातला, हल्ली मुक्काम परभणी. गेले नऊ दिवस आपल्या दारात बसून आहे. इतका तर तलाठी सज्जावरही बसलो नव्हतो.

फोटो आमच्या वाड्यातला. दुष्काळाचं साल. जायकवाडीचा कालवा अजून यायचा होता, जमिनीला भाव नव्हता, त्यामुळे आजोबा धरून चारही भाऊ एकाच सतरंजीवर हसत बसले आहेत. मधोमध घडीची पांढरी रेघ, कोपऱ्यात बुरशी. तेवढंच पुसायचं होतं.

पहिली फाइल उघडली तर फिल्टर चालेना, लेयर वाढेना, मेनूतली निम्मी नावं राखाडी. झेरॉक्सवाल्या पोराला विचारलं. तो म्हणाला, "काका, फोटो काळा-पांढराच हाय ना? म्हून ब्लॅक अँड व्हाइट टाकला." त्याचं तरी काय चुकलं? दिवसभर सातबारे आणि उत्पन्नाचे दाखले स्कॅन करतो; त्यानं आजोबांचाही सातबारा काढला. त्या सेटिंगमध्ये दर ठिपक्याला एकच बिट मिळतो. ठिपका एक तर ठार काळा, नाही तर पांढराफटक. मधल्या राखाडीला गावात जागाच नाही. आजोबांचा फेटा भिंतीत मिसळला, थोरल्या बाप्पांच्या गालावर शाई सांडली. मोड बदलून ग्रेस्केल केलं, तेव्हा आपण हत्यारं सोडलीत. पण एकदा गेलेली राखाडी परत येते होय? पुन्हा स्कॅन. काळ्या-पांढऱ्या फोटोलाही ग्रेस्केल किंवा सरळ रंगीतच लावायचं असतं, ही अक्कल मला भर उन्हातल्या दुसऱ्या चकरेत आली.

दुसऱ्यांदा त्यानं जीआयएफ दिली. लेयरवर 'इंडेक्स' अशी पाटी, शेजारी आपण. जास्तीत जास्त २५६ रंगांची यादी. यादीत नाव नसलेल्या रंगाला आत मज्जाव. इमेज, मोड, आरजीबी कलर अशी तीन टेबलं फिरलो, तेव्हा पाटी उतरली. तिसऱ्यांदा ६०० डीपीआयची टिफ आणली. ती 'रीड-ओन्ली' निघाली. प्रॉपर्टीजमधली खूण काढली, मिटलं.

उरलात आपण एकटे. आपली अट साधी : खोडरबर फिरवा, पण खाली पांढरा डाग उरेल, जागा मोकळी होणार नाही. माझ्या रेघेला आपला त्रास नव्हताच, ती आपल्या देखत बुजवता आली असती. पण नऊ दिवस वाट पाहिलेला माणूस दार दिसलं की ढकलतोच. डबल क्लिक, 'लेयर ०', ओके. गेलात.

आणि ही बातमी घरात फुटली.

काकूंचा फोन आला : धाकट्या बाप्पांना काढता येतं का? त्यांच्या पोरांशी कालव्याकाठच्या शेतावरून कोर्टात तारखा चालू आहेत. आत्या म्हणते, मी तेव्हा चुलीपाशी होते, मला सतरंजीवर बसव. आमच्या घरात तो फोटो सातबाराच आहे, हे त्या झेरॉक्सवाल्या पोराला माझ्या आधी कळलं होतं! खऱ्या फेरफाराला निदान नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस मिळतात, मंडळ अधिकारी सही करतो. इथं एका बोटानं भाऊ कमी होतो, आणि मागची भिंत आपोआप भरून येते. हरकत घ्यायला, नावापुरते का होईना, आपणच होतात. आपल्याला मीच घालवलं.

लेयर मेनूत 'न्यू'खाली 'बॅकग्राउंड फ्रॉम लेयर' असा एक हुकूम आहे, तो मी आज बजावत आहे. तरी काकू दिवाळीला येण्यापूर्वी आपण मूळ जागी रुजू व्हावे आणि 'सॉफ्टवेअर ऐकत नाही' असे मला आपल्याकडे बोट दाखवून सांगता यावे, ही विनंती.

आपला,
अर्जदार

सोबत : फोटो १, भाऊ ४.