अभंगाचा टेम्पो किती?

संगीताचं सॉफ्टवेअर कोणतं भारी, यावर तावातावाने बोलणाऱ्या बहुतेकांचं एकही गाणं पुरं झालेलं नसतं. वेळच कुठे असतो? असे दोन वीर मला थेट कुंभकोणममध्ये भेटले, तेही एकाच घरात.

घर माझ्या मावसबहिणीच्या सासरचं, तंजावरी देशस्थांचं. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं आणि मराठी माणूस या मुलखात रुजला. पुढे राज्य गेलं, माणसं राहिली. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव कुंभकोणममध्येच १८२८ साली जन्मले. गावाजवळ गोविंदपुरमला विठ्ठल-रखुमाईचं मोठं देऊळ आहे. इथल्या तमिळ भजनी मंडळींना जेवढे अभंग तोंडपाठ, तेवढ्या आमच्या सोसायटीला गणपतीत आरत्या येत नाहीत.

बहिणीच्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, आपल्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग करायचं होतं आणि सॉफ्टवेअरवरून दोन्ही नातू हट्टाला पेटले होते. मी पुण्यात एका स्टुडिओत बसतो, म्हणून डिग्री कॉफी पाजून मला पंच नेमलं.

थोरला लॉजिकवाला. लॉजिक देखणं आहे, पण विंडोजवर चालत नाही. घरातला एकुलता एक मॅक त्याच्याबरोबर चेन्नईला परत जाणार होता. धाकटा एबल्टन लाइव्हचा भक्त. लाइव्हची खरी करामत सेशन व्ह्यूमध्ये: गाण्याचे तुकडे चौकटींत मांडायचे, हवा तो दाबायचा, तो पुढच्या आवर्तनाला बिनचूक सुरू होतो. स्टेजवर एकट्याने वाजवणाऱ्याला याहून सोयीचं काही नाही. पण अण्णांच्या मंडळाचे तुकडे पडत नाहीत. ते एकदा सुरू झालं की नैवेद्याच्या वेळेलाच थांबतं.

शेवटी प्रयोग घरातल्या जुन्या विंडोज लॅपटॉपवर ठरला. बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलवर ठेवला. म्हणजे ४४,१०० च्या रेटला जेमतेम ३ मिलिसेकंद. आवाज कानात लगेच पोचतो, पण तेवढ्या वेळात हिशेब उरकताना लॅपटॉपला धाप लागते. हेडफोनमध्ये फोडणीसारखी तडतड. बफर १०२४ केला. तडतड थांबली, उशीर मात्र २३ मिलिसेकंदांवर गेला, शिवाय जाता-येता वाढलेला वेगळाच. अण्णा पहिली ओळ गाऊन थबकले. म्हणाले, “माझी नक्कल कोण करतंय?”

नातवांनी लगेच सॉफ्टवेअरकडे बोट दाखवलं. मी ऑडिओ इंटरफेसच्या डब्यावरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबलं. आता माइकचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता परस्पर हेडफोनमध्ये जाऊ लागला. बफर कितीही ठेवा. कोणतं सॉफ्टवेअर वेगवान, यावरची निम्मी भांडणं या बटणाजवळ मिटतात, पण मग बोलायचं कशावर?

मेट्रोनोमवर! सॉफ्टवेअर नवं उघडलं की बहुतेक ठिकाणी टेम्पो १२० दिसतो. कोणी विचारलेलं नसतं, तरी जग १२० नेच चालतं अशी त्याची खात्री. अभंग मात्र निवांत निघतो, मध्यावर तापतो आणि शेवटी टाळ कुठे आणि हात कुठे ते कळेनासं होतं. थोरल्याने हौसेने मेट्रोनोमची क्लिक लावली. अण्णांनी हेडफोन उतरवला आणि शांतपणे सांगितलं, “याला ताल धरायचा असेल तर आमच्यात येऊन बसू दे.”

क्लिक बंद झाली. मग मी रीपर नावाचं तिसरं सॉफ्टवेअर टाकलं. विनॅम्प हा म्युझिक प्लेअर बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलनेच ते सुरू केलं. डाउनलोड इवलंसं, जुन्या मशीनवरही पळतं. ६० दिवस सगळं खुलं, पुढे घरगुती वापराला ६० डॉलर. नाही भरले तर उघडताना काही सेकंद ताटकळवतं आणि मग मुकाट्याने काम करतं. एवढी भीड हल्ली पाहुणेसुद्धा ठेवत नाहीत. रूप यथातथाच आणि मेन्यू संपता संपत नाहीत. धाकट्याने नाक मुरडलं. पण ग्रिड बंद करून मंडळ बसलं आणि नैवेद्यापर्यंत अख्खं भजन एका दमात रेकॉर्ड झालं.

निवाडा असा: बीटवर गाणी बांधणाऱ्याने लाइव्ह घ्यावं, मॅकवाल्याने लॉजिक. माणसं एकत्र बसून गाणार असतील आणि लॅपटॉप म्हातारा असेल, तर रीपर. घ्या काहीही, पण रेकॉर्डिंगआधी पंखा बंद करा, कुंभकोणमच्या मे महिन्यातसुद्धा. त्याची घरघर आवाजाला धक्का न लावता पुरती काढणारं सॉफ्टवेअर मला अजून भेटलेलं नाही.